उजवा कान

दिल्लीत जन्मलेल्या मराठी माणसाला एक खोड असते. महाराष्ट्रातून कोणी आलं की त्याची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून हा आधीच पुढे सरसावतो. रिक्षावाल्याशी हाच बोलतो, हॉटेलात पदार्थ हाच मागवतो, आणि पाहुण्याने तोंड उघडायच्या आत त्याचं म्हणणं हिंदीत सांगून मोकळाही होतो. लतिकाचा जन्म करोल बागेतला आणि संसार द्वारकेतला, त्यामुळे ही खोड तिच्या अंगात चांगली मुरलेली होती. त्यात नोकरीही अशी मिळाली, की त्या खोडीचीच जन्मभर वाहवा झाली.

ती संसदेत दुभाषी होती. सभागृहाच्या कडेला काचेच्या बूथमध्ये बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि समोर मराठीत चाललेलं भाषण त्याच दमात इंग्रजीत बोलायचं. बोलणारा अडखळो, चिडो, मूळ मुद्दा सोडून आपल्या गावच्या पुलावर जाऊन बसो, ऐकणाऱ्याच्या कानात मात्र सलग, सुबक इंग्रजी पडलं पाहिजे. बूथमधून शांतता ऐकू येणं म्हणजे सगळ्यांत मोठी नामुष्की. या कामात लतिकाचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुपात धान्य पाखडावं तसं ती समोरच्याचं बोलणं पाखडायची. एका खासदाराने तर तिला सांगितलं होतं, की ताई, तुमच्या इंग्रजीत मी बराच हुशार वाटतो. निवृत्त झाल्यावरही हे वाक्य ती दर दिवाळीच्या फराळाला कोणाला ना कोणाला ऐकवायचीच.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिला राजाभाऊंचा फोन आला. राजाभाऊ द्वारकेतल्या मराठी मंडळाचे हरकामे गृहस्थ. गणपतीचा मांडव असो की कोणाच्या आईला हॉस्पिटलात रक्त हवं असो, राजाभाऊ हजर. त्यांच्या घरी त्यांच्या जिल्ह्यातल्या, वाशीमकडच्या एक बाई उतरल्या होत्या, रमाबाई. फॅमिली कोर्टात त्यांची केस होती आणि कोर्टाला मराठी समजणारं कोणी मिळत नव्हतं. कोर्टाच्या यादीत पंजाबी होती, बंगाली होती, नेपाळीसुद्धा होती. मराठीचं नाव निघालं की सगळे म्हणत, अरे, हिंदीसारखीच तर आहे, चालेल. आणि चालत काही नव्हतं. तारखा नुसत्या पुढे जात होत्या.

लतिकाने क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. खरं सांगायचं तर तिला बोलावणं आल्याचा आनंदच झाला. बूथ सुटल्यापासून तिची जीभ गंजायला लागली होती.

रमाबाई साठीच्या, काटक, उन्हाने रापलेल्या. नऊवारीऐवजी निळ्या काठांची पांढरी सुती पाचवारी, डोक्यावर पदर. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. त्यांच्या मागे रमाबाईंनी मुलगा अर्जुनला मार्गी लावलं आणि मुलगी रोशनीला नर्सिंगला घातलं. रोशनीला दिल्लीत नोकरी लागली, तिच्या नवऱ्यालाही, बुद्धभूषणला, इथेच सरकारी कचेरीत. दोघांच्या ड्यूट्या अशा, की मूल सांभाळायचं कोणी? म्हणून लुंबिनी झाली तशी तिला आजीकडे गावी ठेवलं. ती चार वर्षांची होईपर्यंत आजीच तिची आई. मग शाळेसाठी तिला दिल्लीला आणलं, आणि वर्षही झालं नव्हतं तेव्हा हायवेवर धुक्यात गाडीला अपघात होऊन रोशनी आणि बुद्धभूषण दोघंही गेली. लुंबिनी त्या दिवशी शेजाऱ्यांकडे होती म्हणून वाचली.

मुलीला काकाने नेलं. बुद्धभूषणचा धाकटा भाऊ सिद्धांत गाझियाबादला इंजिनिअर होता. त्याची बायको तिकडचीच, घरात हिंदी, एक मुलगा. माणूस वाईट नव्हता. पण रमाबाईंचं म्हणणं एकच, की पोर माझी आहे, मी वाढवलेली आहे, ती मला द्या. कोर्टाने काय ते एवढंच ठरवायचं होतं, की लुंबिनी आजीकडे जाईल की काकाकडे राहील.

तारखेच्या दिवशी रमाबाई कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. दुकानात मीठमिरची मागण्यापुरतं हिंदी त्यांना समजायचं, पण कोर्टातलं हिंदी त्यांच्या डोक्यावरून जायचं. त्या म्हणाल्या, "बाई, मले नीट बोलता येत नाई."

लतिकाने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही फक्त बोला. नीट मी करते."

हे ती मनापासून म्हणाली होती. पुढे हेच वाक्य आठवून तिला अन्न गोड लागेनासं होणार आहे, हे तेव्हा तिला कोण सांगणार.

आत गेल्यावर लतिकालाही शपथ घ्यावी लागली, की साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं सांगेन. तिने ती खणखणीत आवाजात घेतली. ती संसदेत दुभाषी होती हे कळल्यावर जज साहेबांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, मॅडम, मग थेट इंग्रजीतच सांगा, टाइप तर इंग्रजीतच करायचंय. टायपिस्टनेही मान वर करून आदराने पाहिलं. लतिका खुर्चीत जरा ताठ बसली.

मागच्या खुर्चीवर सिद्धांत होता, पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर. इतक्या सगळ्या माणसांत लतिका आणि रमाबाई सोडल्या तर मराठी समजणारा तो एकटाच. रमाबाईंचा वकीलही मेरठचा.

आधी नाव, गाव, घर यांचे प्रश्न झाले. मग जज साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "अम्मा से कहिए, बच्ची के बारे में बताएँ। कैसी है, क्या जानती हैं उसके बारे में। आराम से।"

लतिकाने प्रश्न मराठीत सांगितला. रमाबाईंचा उजवा हात पदराखाली कानाशी गेला आणि तिथेच राहिला. लतिकाला वाटलं, बूथमधून शांतता ऐकू जातेय. तिने हलकेच म्हटलं, बोला ना रमाबाई.

मग रमाबाई बोलायला लागल्या. "काय सांगू साहेब. ते कानाबिगर निजतच नाई. तान्ही होती तवापासून माहा उजवा कान धरून निजे. डावा देल्ला तं झिडकारे, उजवाच पाह्यजे. कानातल्याची फिरकी मांगून टोचे तिच्या बोटाले, मंग दचकून उठे अन् रडे. म्हून मी उजव्या कानातलं काढूनच ठेवलं. गावात बाया हासत. म्हणत, रमाबाई, एक कान भुंडा काऊन? मी म्हणो, हा कान माहा नोहे, हा लुंबीचा हाय. रोशनी गेली तवा मी आली होती अठी. पोरगी रडली नाई, काई नाई. रातच्याले आली, कान धरला, निजली. अजूकही मी त्या कानात काई घातलं नाई. ते येईन तं तिले टोचू नाई म्हून."

त्यानंतर त्या घराबद्दल बोलल्या, की घर पक्कं आहे, शाळा जवळ आहे, सरकारी दवाखाना आहे, अर्जुन आणि त्याची बायको दोघंही मुलीला जीव लावतील. आणि थांबल्या. हात अजून कानाशीच होता.

लतिका ऐकतानाच मनात पाखडत होती. कानातलं, फिरकी, गावातल्या बाया काय म्हणाल्या, हे सगळं कोर्टाच्या काय कामाचं? शिवाय दागिन्याचा विषय निघाला की समोरचा वकील सोन्यावर घसरेल, ही भीती. आणि खोल कुठेतरी दुसरीच गोष्ट होती, जी तिने त्या वेळी स्वतःलाही सांगितली नाही. या दिल्लीवाल्यांसमोर आपली बाई गावंढळ दिसू नये, असं तिला वाटत होतं. पहिल्यापासून तिला तेच वाटत आलं होतं.

तिने इंग्रजीत सांगितलं, की मूल चार वर्षं साक्षीदाराकडे वाढलेलं आहे, दोघींमध्ये अत्यंत घट्ट भावनिक नातं आहे, आईवडिलांच्या निधनानंतरही तिने मुलीला आधार दिला, घर पक्कं आहे, शाळा आणि वैद्यकीय सोय जवळ आहे, मुलगा आणि सून जबाबदारी घ्यायला तयार आहेत. वाक्यं एकापाठोपाठ एक, न अडखळता. 'अत्यंत घट्ट भावनिक नातं' हे शब्द सापडल्यावर तिला समाधान वाटलं. कानाची सगळी गोष्ट त्यात बसली, असं तिला वाटलं.

जज साहेब रमाबाईंच्या हाताकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "इन्हें सुनाई तो ठीक देता है?"

"जी, बिल्कुल," लतिका म्हणाली.

मागे सिद्धांतने मान वर केली होती. लतिकाकडे पाहिलं, रमाबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. लतिकाला ते दिसलं होतं. तिला वाटलं, आपलं इंग्रजी ऐकून धसकला असेल.

बाहेर आल्यावर रमाबाईंनी विचारलं, "सांगतलं न बाई समदं?"

"अगदी व्यवस्थित," लतिका म्हणाली. रमाबाईंनी तिच्यासाठी गावाहून आणलेल्या तुरीच्या डाळीची पिशवी तिच्या हातात दिली. लतिकाने दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घेतली.

पुढे दिल्लीच्या कोर्टात व्हायचं तेच झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काकाची साक्ष झाली, शाळेच्या बाईंची झाली, जज साहेबांनी लुंबिनीला आपल्या खोलीत बसवून तिच्याशी गप्पा मारल्या. लतिकाला या कशात बोलावणं नव्हतं. ती राजाभाऊंकडे चौकशी करायची आणि प्रत्येक वेळी वर म्हणायची, की बघा, मिळणार मुलगी आजीला, साक्ष फार छान झालीय. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही तिने हा किस्सा सांगितला. फराळातल्या त्या जुन्या वाक्याला एक नवा जोडीदार मिळाला होता.

निकालाच्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं. रमाबाई आदल्या दिवशीच गाडीने आल्या होत्या. सोबत एक रिकामी पिशवी आणली होती, मुलीचे कपडे न्यायला. ती त्यांनी घडी करून काखेत धरली होती.

निकाल ऐकायला वेळ लागला नाही. मुलगी काकाकडे राहील. आजी दिल्लीला येईल तेव्हा तिला भेटू शकेल, आजही अर्धा तास भेटू शकते. मग जज साहेबांनी कागदावरून नजर उचलली. त्यांना बहुधा वाईट वाटत होतं. ते लतिकाला म्हणाले, "मैडम, अम्मा को समझा दीजिए। मैंने इनसे खुलकर पूछा था, बच्ची के बारे में बताइए। इन्होंने मकान बताया, स्कूल बताया, अस्पताल बताया। बच्ची की एक बात नहीं बताई। ऐसा बयान तो कोई भी वकील रटवा सकता है। मुझे लगा, इनसे कहलवाया जा रहा है।"

लतिकाला एखादा मुका मार लागावा तसं झालं, आधी काही कळलंच नाही, मग कळायला लागलं आणि थांबेना. कानाची गोष्ट, फिरकीची, हा कान माझा नव्हे लुंबीचा आहे, सगळं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. बूथमधल्या माणसाची स्मरणशक्ती दगा देत नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, इन्होंने बताया था।" पण तोवर पुढच्या केसचा पुकारा झाला होता, दारातून नवरा-बायको आणि दोन वकील आत शिरले होते, आणि जज साहेबांची सही कागदावर झाली होती. ते म्हणाले, मॅडम, जे काही असेल ते आता अपिलात. आवाजात राग नव्हता.

रमाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. "काय म्हणे साहेब?"

लतिकाने त्यांना बाहेर नेलं. व्हरांड्यात गर्दी होती, कोणी फोटोकॉपी काढत होतं, कोणी समोसे खात होतं. मुलगी मिळाली नाही, एवढं तिने सांगितलं. रमाबाई बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. काखेतली पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी तिची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली.

तेवढ्यात सिद्धांत आला. निकाल त्याच्या बाजूचा लागला होता, पण चेहरा पडलेला होता. तो रमाबाईंच्या पाया पडला, आणि मग लतिकाला जरा बाजूला बोलावून मराठीत म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मावशी बोलल्या ते मी ऐकलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होतो. तुम्ही सोडून दिलंत. मग मीही गप्प बसलो."

लतिकाने बाकाकडे वळून पाहिलं.

"आमच्याकडे आली तेव्हा रात्री कान शोधायची ती," सिद्धांत सांगत राहिला. कोणाला तरी सांगायचंच होतं असं दिसत होतं. "माझ्या बायकोच्या कानाला हात लावायची. हिला गुदगुल्या व्हायच्या, ही हात काढून टाकायची. मला कळत नव्हतं हे काय आहे. कोर्टात मावशी बोलल्या तेव्हा कळलं. तोवर सवय सुटली होती."

आता लतिकाला वाटलं, हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दोषी होता, पण त्या दिवशी तो शपथ घेऊन बसला नव्हता. शपथ तिने घेतली होती, आणि खणखणीत आवाजात.

वकिलाला तिने सगळं सांगितलं. वकील तरुण होता, त्याचे डोळे एकदम चमकले. म्हणाला, मॅडम, तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या, की साक्षीचं भाषांतर अपूर्ण झालं. हायकोर्टात जाऊ. वेळ लागेल, पण मुद्दा भक्कम आहे. लतिका म्हणाली, आत्ता देते, इथेच देते, तुम्ही लिहा. बैल गेल्यावर झोपा करण्याची घाई कशी असते, ते तिच्याकडे पाहून कळलं असतं.

पण आधी रमाबाईंना सांगणं भाग होतं. ती त्यांच्या शेजारी बसली. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं दोन भाषांत फिरवणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य जुळेना.

"रमाबाई, ते कानाचं मी कोर्टात सांगितलं नव्हतं."

रमाबाईंना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "काऊन?"

"मला वाटलं, ते कोर्टाच्या कामाचं नाही."

रमाबाईंनी मान हलवली. राग शोधत होती लतिका त्यांच्या चेहऱ्यावर, तो सापडेना. सापडला असता तर तिला पकडायला काहीतरी मिळालं असतं.

"बरोबर हाय," रमाबाई म्हणाल्या. "तुमाले काय माईत. पण बाई, तेवढंच तं होतं माह्यापाशी."

लतिकाने अपिलाचं सांगितलं, प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. मी सगळ्यांसमोर कबूल करीन म्हणाली, पेपरात नाव आलं तरी चालेल म्हणाली. रमाबाईंच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मग त्या म्हणाल्या, पहिले पोरीला पाहून घेते.

भेटीची खोली खालच्या मजल्यावर होती. भिंतीवर प्राण्यांची चित्रं, कोपऱ्यात प्लास्टिकची घसरगुंडी, लहान खुर्च्या. लुंबिनी शाळेच्या गणवेशातच आली होती. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. दारातच तिने हात जोडून म्हटलं, "नमस्ते, नानी।" शिकवून पाठवल्यासारखं, पण गोड.

रमाबाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या तोंडून शब्दांचा पूर आला आणि लुंबिनी गोंधळून लतिकाकडे पाहायला लागली. तिला त्यातलं काही समजत नव्हतं. चार वर्षांची असताना हीच भाषा ती घडाघडा बोलायची, असं राजाभाऊ सांगत.

लतिका दोघींच्या मधे बसली. तिने मनाशी ठरवलं, की आज एक अक्षर गाळायचं नाही आणि एक अक्षर पदरचं घालायचं नाही. आजी विचारायची, जेवलीस का, ती सांगायची. नात म्हणायची, सैंडविच खाया, भैया ने आधा ले लिया, ती सांगायची. दात कधी पडला, कुठे टाकला, दुखला का, सगळं. दोघी गप्प झाल्या की तीही गप्प बसायची. इतकं सरळ काम तिने कधी केलं नव्हतं.

मग रमाबाईंनी पदर मागे सारला. केस कानामागे नेले आणि नातीच्या बाजूला उजवा कान करून जमिनीकडे पाहत बसून राहिल्या. डाव्या कानात सोन्याचं लहानसं फूल होतं. उजवी पाळी भुंडी होती.

लुंबिनी त्या कानाकडे पाहत राहिली. वाकून, निरखून पाहिलं. तिचा हात वर आला. हात अर्ध्यावर थांबला आणि एक बोट तेवढं पुढे आलं, दाखवण्यासाठी.

"आंटी," तिने लतिकाला विचारलं, "इनका एक झुमका गिर गया क्या?"

रमाबाईंनी मान न वळवता विचारलं, "काय म्हणते?"

लतिकाच्या जिभेवर दुसरं वाक्य तयार होतं. म्हणतेय, हा कान ओळखीचा वाटतो. किती सोपं होतं. या बाईला तेवढ्या एका वाक्यावर उरलेलं आयुष्य काढता आलं असतं, आणि कोणाला कधी कळलं नसतं. लतिकाने ते वाक्य गिळलं. तिला वाटलं, देवाने नेमकं आजच मला शहाणपण का द्यावं.

"विचारतेय," ती म्हणाली, "तुमचं एक कानातलं पडलं का?"

रमाबाई तशाच बसून होत्या. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, कान झाकला आणि नातीकडे वळून हसल्या.

"हो म्हणा. पडलं. कुठीसा पडलं असन. हुडकून ठेवतो म्हणा."

"हाँ," लतिकाने सांगितलं. "गिर गया। कहीं गिरा होगा। ढूँढ़कर रखूँगी।"

"अच्छा," लुंबिनी म्हणाली, आणि घसरगुंडीकडे गेली.

वर व्हरांड्यात वकील कागद तयार ठेवून उभा होता. लतिकाने पेन हातात घेतलं. रमाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि मान हलवली.

"राहू द्या बाई. हा कान घेऊन आता कितीक कोर्टं फिरू?"

लतिका म्हणाली, की चूक माझी आहे, मला ती निस्तरू द्या. तिला रडू आवरत नव्हतं. रमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिला वाटलं, यापेक्षा मोठी शिक्षा कुठलं कोर्ट देणार होतं.

मग रमाबाई सिद्धांतकडे गेल्या. तो मुलीचं दप्तर खांद्याला लावून जिन्याजवळ उभा होता. "भाऊ," त्यांनी विचारलं, "तिले रातच्याले झोप लागते न आता? कानाबिगर?"

सिद्धांतने खाली पाहिलं. "हो मावशी. लागते."

"मंग झालं," रमाबाई म्हणाल्या, आणि रिकामी पिशवी काखेत घेऊन जिना उतरायला लागल्या. लतिका त्यांच्या मागे एक पायरी ठेवून चालत राहिली. यात तिने कोणाला समजावून सांगावं असं काही उरलं नव्हतं.